बसवंतरावांच्या नावातील मुळे

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण या तालुक्यांत किंवा कलबुरगी जिल्ह्याच्या आळंद, अफजलपूरकडील गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्यात पाऊल ठेवताच एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो, तो असा की, घरी मराठी बोलता तर नाव हे असे कानडी कसे. आणि तोच माणूस कामानिमित्त बंगळूरला गेला, म्हणजे तेथील कचेरीत त्याच्या नावाअखेरचा ‘राव’ आणि आडनावातील ‘कर’ पाहून त्याला नेमका उलटा प्रश्न केला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात कपट नसते हे मान्य केले, तरी दोन्ही प्रश्नांच्या बुडाशी एकच समजूत असते, ती ही की, माणसाचे नाव ज्या भाषेतून व्युत्पन्न झाले ती भाषा म्हणजे त्याचे मूळ वतन, आणि नावाचा धातू एकदा ओळखला की तो माणूस कोणाचा याचा निवाडा झाला. ही समजूत शास्त्राला धरून नाही, आणि सीमाभागात तर ती अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी आमच्याकडील अगदी नित्याच्या नावांकडे थोडे जवळून पाहावे लागेल.

‘बसवंतराव’ हेच नाव घ्या. मागच्या पिढीपर्यंत आमच्याकडे क्वचितच एखादे गाव असे असेल की, जेथे या नावाचा गृहस्थ चावडीवर भेटला नाही. त्यातील पहिला अवयव ‘बसव’. संस्कृत ‘वृषभ’ प्राकृतात ‘वसह’ झाला, आणि शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ब’ करण्याची कन्नडची जी जुनी रीत आहे, जिच्यामुळे ‘वसति’चे ‘बसदि’ झाले, तिच्यानुसार त्याचा ‘बसव’ झाला. पुढे बाराव्या शतकात कल्याणच्या बिज्जल राजाच्या पदरी असलेल्या बसवण्णांनी या शब्दाला अशी प्रतिष्ठा मिळवून दिली की, नंदीचा वाचक शब्द अखिल वीरशैव समाजाच्या नामावळीचा मूलाधार बनला. त्याला जोडलेला ‘वंत’ यशवंत-बळवंतांच्या धाटणीचा, मराठी कानाला पूर्ण ओळखीचा. आणि शेवटचा ‘राव’ संस्कृत ‘राजन्’पासून प्राकृताच्या पायऱ्या उतरत मराठीत येऊन स्थिरावलेला. धातू संस्कृत, त्यावरचा पहिला संस्कार कन्नड आणि अखेरचा घाट मराठी, अशा या नावाची फाळणी कोणी कोठे करावी?

या ‘राव’चे सगोत्र तर फार दूरवर पसरलेले आहेत. लॅटिनमधील राजवाचक ‘रेक्स’ आणि प्राचीन केल्टिक लोकांच्या विशेषनामांत वारंवार येणारा ‘रिक्स’ हे दोन्ही शब्द आपल्या ‘राजन्’शी एकाच मूळ धातूने बांधलेले आहेत, याविषयी भाषाशास्त्रात आता वाद उरलेला नाही. इसवी सनापूर्वी ५२ या वर्षी गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ज्युलियस सीझरविरुद्ध उठाव करणाऱ्या आणि अखेर आलेशियाच्या वेढ्यात शरण जावे लागलेल्या वीराचे नाव ‘वेर्किंगेतोरिक्स’; त्यातील ‘वेर’ आपल्या ‘उपरि’चा सगोत्र, ‘किंगेतो’ म्हणजे चालून जाणारा योद्धा आणि ‘रिक्स’ म्हणजे राजा. सीझर ज्या ‘एपोरेडोरिक्स’चा उल्लेख करतो त्याच्या नावातला ‘एपो’ म्हणजे अश्व. ‘किंतुग्नातुस’ म्हणजे प्रथम जन्मलेला, आणि त्यातील ‘ग्नातुस’ व संस्कृत ‘जात’ हे एकाच ‘जन्’ धातूचे वंशज. ‘सेगोमारोस’मधला ‘सेगो’ वैदिक ‘सहस्’शी, म्हणजे पर्यायाने आपल्या रोजच्या ‘साहसा’शी जोडलेला. दोन अर्थपूर्ण पदांचा समास करून नाव सिद्ध करण्याची ती रीतसुद्धा अश्वपती, देवदत्त यांच्याच जातीची. परंतु एवढ्या साम्यावरून हुमनाबादच्या एखाद्या हणमंतरावांचा गॉल देशावर वारसा लागत नाही, हे कोणाला सांगावे लागत नाही. मग त्याच न्यायाने ‘अप्पा’वरून कर्नाटकाचा अथवा ‘राव’वरून महाराष्ट्राचा वारसा तरी कसा लागावा?

केल्टिक नावांचा विषय मी निव्वळ नवलासाठी काढलेला नाही. गॉल देशाची ती भाषा रोमन अमलाखाली हळूहळू मावळली आणि इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून नाहीशी झाली; तिचा ग्रंथ म्हणून काही उरला नाही, थोडे शिलालेख उरले, आणि उरली ती मुख्यतः नावे: नाण्यांवरची, थडग्यांवरची, कुंभारांनी मातीच्या ताटल्यांवर कोरलेल्या हिशेबांतली, आणि परक्या ग्रंथकारांनी परक्या लिपीत लिहून ठेवलेली. वर सांगितलेल्या सेगोमारोसचे नाव फ्रान्समधील वेझों येथे सापडलेल्या शिळेवर ग्रीक अक्षरांत कोरलेले आहे. अशा सामग्रीवर प्रथम ज्यांनी काम केले त्या अठराव्या शतकातील उत्साही मंडळींनी केल्टिक हीच जगातील सर्व भाषांची जननी, असे ठरवून दिसेल त्या शब्दाचे मूळ तेथे नेऊन भिडवले, आणि त्या छंदाला पुढे ‘केल्टवेड’ अशाच अर्थाचे नाव पडले. त्या धुक्यातून विषयाला बाहेर काढले ते योहान कास्पार त्सॉइस या बव्हेरियातील अध्यापकाने, १८५३ साली केल्टिक भाषांचे शास्त्रशुद्ध व्याकरण सिद्ध करून. आणि १९६७ मध्ये एलिस इव्हान्स यांनी गॉल देशातील व्यक्तिनामांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव प्रथम कोठे, कोणत्या काळी, कोणत्या लिपीत, कोणत्या रूपात आढळले हे नोंदवायचे, सर्व रूपे एकत्र ठेवायची आणि मगच धातूकडे वळायचे, हा त्या शास्त्राचा शिस्तीचा मार्ग आहे.

आमच्याकडे ‘वेड’ पुष्कळ झाले, शिस्त थोडी झाली. बिदर या नगरनामाचेच पाहा. कन्नडमध्ये ‘बिदिरु’ म्हणजे बांबू, आणि त्यावरून हे स्थलनाम आले असावे ही साधी व नियमबद्ध उपपत्ती समोर असताना कोणी त्याचा संबंध महाभारतातील विदुराशी जोडला, तर कोणी विदर्भाशी. कलबुरगीची कथा याहून बोलकी आहे: कन्नड जाणकार ज्या नावाच्या आरंभी ‘कल्लु’ म्हणजे दगड हा शब्द पाहतात, ते नाव बहमनी अमदानीतील फारसी कानांनी ‘गुलबर्गा’ असे ऐकले आणि त्याचा विग्रह ‘गुल’ म्हणजे फूल व ‘बर्ग’ म्हणजे पान असा केला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारने जुने रूप पुन्हा प्रचारात आणले. दगडाचे फूल होण्याची ही क्रिया लबाडीने झालेली नव्हती. आपल्या ओळखीच्या शब्दांत परके नाव बसवून घेण्याची ती मानवी प्रवृत्तीच आहे. दोष आहे तो अशा कानाच्या व्युत्पत्तीला इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात.

मराठीत या विषयाची मुहूर्तमेढ रोवली ती इतिहासाचार्य राजवाड्यांनी. स्थलनामे, आडनावे, व्यक्तिनामे यांतून समाजाचा इतिहास वाचता येतो, ही दृष्टी त्यांनी आम्हांस दिली, आणि त्यांच्या निधनानंतर धुळ्याच्या मंडळाने त्यांच्या टिपणांतून सिद्ध केलेले कोश आजही चाळताना त्या माणसाच्या व्यासंगापुढे मान लवते. तथापि सर्व प्रवाह संस्कृताच्याच उगमाकडे वळवण्याचा त्यांचा ओढा मोठा होता. त्याच्या उलट दिशेने विश्वनाथ खैरे यांनी मराठीची मुळे तमिळमध्ये शोधण्याचा जो निष्ठापूर्वक उद्योग केला, त्यातही पुष्कळदा ध्वनिसाम्यावर अधिक भार पडला. शं. बा. जोशी यांनी महाराष्ट्राच्या जुन्या कन्नड स्तराकडे लक्ष वेधले, तेव्हा मराठी वाचक विनाकारण दुखावला. वास्तविक त्या प्रतिपादनाला उत्तर द्यायचे तर ते पुराव्याने द्यावयास हवे होते. आज हाताशी टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश आहे, बरो व एमेनो यांचा १९६१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला द्राविडी व्युत्पत्तिकोश आहे. दोन्ही शेजारी ठेवून नाव तपासण्याइतकी निःपक्षपाती वृत्ती मात्र आपल्याला आणावी लागेल.

अशी वृत्ती ठेवून पाहू लागले की, पहिला धक्का बसतो तो खुद्द पुण्याच्या मराठीला. अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द द्राविडी कुळातले आहेत. कन्नडमध्ये अण्ण म्हणजे थोरला भाऊ, अप्प म्हणजे बाप, अक्क म्हणजे थोरली बहीण. ज्या घरात सात पिढ्यांत कोणी कन्नडचे अक्षर ऐकले नाही त्या घरातही एखादे अण्णा आणि एखादी अक्का असतेच, आणि ‘अण्णासाहेब’ म्हणून आपण ज्यांना आदराने हाक मारतो त्यांच्या नावात द्राविडी नातेवाचक शब्दाला अरबी बहुमानवाचक शब्द जोडलेला असतो, याची आपल्याला आठवणही होत नाही. हे नातेवाचक शब्द विशेषनामांच्या पदवीला कसे चढले, याचे कारण आमच्या घरांतील एका जुन्या शिष्टाचारात आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवावे, ही रीत सीमाभागात मराठी आणि कन्नड या दोन्ही घरांत सारखीच. पण नवऱ्याचे नाव बायकोने आणि सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारू नये, हा दंडकही दोन्हीकडे तितकाच कडक. बारशाला आत्याने मुलाच्या कानात ‘मल्हारराव’ म्हटले खरे, पण त्याला हाक मारण्याचा प्रसंग दिवसातून पन्नास वेळा जिच्यावर येतो ती आई, आणि त्याला मांडीवर घेणारी आजी, या दोघींनाही ते नाव वर्ज्य. म्हणून तो पाळण्यातच ‘अप्पा’ होतो, ‘अण्णा’ होतो, ‘तात्या’ किंवा ‘बापू’ होतो, शाळेत नाव घालताना गुरुजी घरी चालणारे नाव लिहितात, आणि पुढे तोच अप्पाराव, अण्णाराव, बापूराव म्हणून खातेदार बनतो. आमच्या नामावळीतील पुष्कळशी ‘कानडी’ नावे अशी मराठी सुनांच्या मर्यादेतून निपजलेली आहेत. भाषाशास्त्राने धातू सांगितला, तरी नाव का पडले हे सांगायला माजघरातच जावे लागते.

दुसरा एक नामवर्ग तर धातू वेगळे असून अर्थ एकच कसा असतो, हे दाखवणारा आहे. मुले जगत नाहीत अशा घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हीन ठेवायचे, म्हणजे मृत्यूची दृष्ट त्याच्यावर जाणार नाही, अशी श्रद्धा होती. मराठीत त्यातून धोंडू, धोंडिबा, दगडू, कचरू, केरबा, उकर्डा ही नावे आली. कन्नडमध्ये ‘गुंडु’ म्हणजे गोटा, त्यावरून गुंडप्पा. ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून कल्लप्पा. ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा. भालकीकडे गुंडप्पाचा ‘गुंडेराव’ होतो आणि एकाच बांधाच्या दोन अंगांना गुंडेराव आणि धोंडिबा शेती करतात. धातू पाहिले तर एक द्राविडी, एक आर्य. पण त्या दोघांच्या आयांनी ज्या भीतीने आणि ज्या मायेने ती नावे ठेवली, ती भीती आणि ती माया एकच होती. मुलींच्या वाट्याला मात्र या रीतीचे निष्ठुर रूप आले. नको असलेल्या मुलीला ‘नकोशी’ म्हणण्याची चाल साताऱ्याकडे इतकी अलीकडेपर्यंत चालू होती की, २०११ साली तेथे अशा मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, आणि ती बदलली गेली हे फार चांगले झाले.

देवदेवता आणि सत्पुरुष यांनी दिलेल्या नावांविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख हवा. भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजेच आपला खंडोबा, आणि त्याच्या परिवारातून मल्लप्पा, मल्लण्णा, मल्हारी, मल्हारराव अशी नावे निघाली. ‘मल्ल दैत्याचा अरि’ हा मल्हारीचा संस्कृत विग्रह मागाहून केलेला आहे असे अनेक संशोधक मानतात, आणि मलाही तेच पटते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात १८६५ साली समाधिस्थ झालेल्या माणिक प्रभूंमुळे घरोघरी माणिकराव आणि माणिकप्पा झाले; कलबुरगीच्या शरणबसवेश्वरांमुळे शरणप्पा; गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींमुळे दत्तात्रय आणि नरसिंह. त्याच गाणगापूरचे माहात्म्य मराठीत गाणारे सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती, असे परंपरेने मानले जाते. पिरांनीही नावे दिली. अहमदनगरच्या शाह शरीफांच्या कृपेने झाले म्हणून मालोजी भोसल्यांच्या पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी, ही परंपरा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते; आमच्याकडे फकीरप्पा आहेत, पिराजी आहेत, आणि त्यांच्या घरी कुळधर्म-कुळाचार यथास्थित चालतात. बिदरजवळच्या अष्टूरला अहमदशाह वली बहमनीच्या कबरीवर हिंदू भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानून येतात, तेथे फकीर आणि अप्पा एका नावात नांदले तर नवल कसले?

आडनावांचे थोडक्यात सांगतो. पाटील हा ताम्रपटांतील ‘पट्टकिल’. फडणीस हा फारसी ‘फर्द-नवीस’, चिटणीस हा चिठ्ठ्या लिहिणारा. इनामदार, जहागीरदार, दफ्तरदार तर उघडच आहेत, आणि ती आडनावे मराठे, ब्राह्मण, लिंगायत, मुसलमान अशा सर्वांत विखुरलेली आहेत. धन्नूरचे धन्नुरे, अष्टूरचे अष्टुरे, यांत गाववाचक ‘ऊर’ कन्नडचा आणि शेवटची मात्रा मराठीची.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहावयास लावले, तिच्याकडे येतो. निजामाच्या राज्यात दफ्तरची भाषा प्रथम फारसी आणि १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. सेतवार, फैसलपट्टी, आणि राज्य विलीन झाल्यानंतरची १९५४-५५ ची खासरा पाहणी, या कागदांवर आमच्या सर्व जमिनींचे हक्क उभे आहेत. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, ‘ण’ आणि ‘ळ’ यांना अक्षरच नाही. बसवंत हे नाव त्या लिपीत बे, सीन, वाव, नून, ते या पाच अक्षरांचे होते, आणि मधला वाव वाचणाऱ्याच्या मर्जीनुसार ‘व’ही होतो, ‘ऊ’ही होतो, ‘ओ’ही होतो, म्हणून एकाच खातेदाराच्या नकलांत मी बसवंत, बसुंत आणि बसोंत अशी तीन नावे पाहिली आहेत. हणमंत ‘हनमंत’ होतो, बाळप्पा ‘बालप्पा’ होतो. पुढे कन्नडमध्ये उतरताना एक रूप, इंग्रजीत उतरताना दुसरे. वारसाची नोंद करायला गेलेल्या नातवाला कचेरीत सांगितले जाते की, ही तीन माणसे आहेत, एक असल्याचे सिद्ध करून आणा. यावर उपाय म्हणून मुलांची नावे शाळेतच ‘शुद्ध’ करून टाकण्याची एक लाट आली आहे: हणमंताचा हनुमंत, मल्लप्पाचा मल्लिकार्जुन, गुंडेरावाचा आणखी काहीतरी गुळगुळीत. ही शुद्धी नव्हे, हा पुराव्याचा नाश आहे. ‘हणमंत’मधला ‘ण’ ही आमच्या प्रदेशाची उच्चारमुद्रा आहे, आणि ती पुसण्याचा अधिकार कोणत्याही हजेरीपटाला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले; उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात आले. सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. तेव्हापासून सीमावादाच्या दोन्ही बाजूंनी नावांच्या याद्या पुढे करण्याचा प्रघात पडला: अमुक गावात इतके ‘अप्पा’, तमुक गावात इतके ‘राव’. मराठी भाषकांच्या न्याय्य मागण्यांविषयी मला पूर्ण आस्था आहे, आणि आमच्या मुलांना मराठी शाळा, मराठीत कागद मिळालेच पाहिजेत हे मी ठामपणे म्हणेन. पण तो हक्क आज घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेवर उभा आहे, नावाच्या धातूवर नाही. धातूच्या पुराव्यावर वाद खेळायला गेलो तर देवगिरीच्या यादवांतील मल्लुगी आणि जैतुगी ही नावे कन्नड वळणाची आहेत हे कबूल करावे लागेल, आणि समोरच्या पक्षाला राष्ट्रकूटांच्या लेखांतला ‘कन्नर’ आणि आपला ‘कान्होजी’ हे एकाच ‘कृष्णा’चे दोन प्राकृत अंकुर आहेत हे मानावे लागेल. दोघांचाही दावा त्यात बुडेल, आणि तो बुडावा हेच योग्य आहे.

याऐवजी दोन्ही बाजूंनी मिळून करण्यासारखे एक काम पडून आहे. कन्नडमध्ये डॉ. एम. एम. कलबुरगी यांच्यासारख्या शिलालेखतज्ज्ञांनी नामविज्ञानाकडे गांभीर्याने पाहिले. मराठीत राजवाड्यांनंतर सीमाभागाच्या व्यक्तिनामांचा स्वतंत्र कोश करण्याचे कोणी मनावर घेतलेले नाही. कलबुरगीचे गुलबर्गा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि सोलापूरचे विद्यापीठ यांनी एकत्र बसून कन्नड, मराठी, उर्दू आणि मोडी जाणणाऱ्या चार-सहा जणांकडून जुन्या पाहण्या, देवस्थानांच्या वह्या आणि शिलालेख यांतील नावे तारीख, गाव आणि लिपी यांसह उतरवून घ्यावीत. गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळ्या वाचून दाखवणाऱ्या हेळवी लोकांच्या बाडांतील नावे त्यांत मिळवावीत. आणि अर्थ सांगण्याची घाई शेवटपर्यंत करू नये. तोवर वाचकांपैकी ज्यांची मुळे बिदर-कलबुरगीकडे आहेत त्यांना माझी विनंती आहे की, घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर निदान चार पिढ्यांची नावे, पुरुषांची तशीच लग्नाआधीच्या नावांसकट बायकांचीही, ती जशी उच्चारली जात तशीच एका वहीत लिहून ठेवावीत, आणि लिहिताना ‘ण’चा ‘न’ करू नये.